निशाणी एक्केचाळीस

लातूरच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिलं की
माझा गुडघा दुखतो.
ते माझ्या पदव्या वाचत होते तोवर मी खिडकीतून पाहिलं,
आवारातल्या लिंबाखाली स्टॅम्पवाला डबा सोडत होता,
भाकरी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा.

प्रश्न एवढाच होता:
मन्मथ शिवलिंग कोराळे, वय एकतीस,
कंत्राटी वायरमन, तालुका औसा,
मानेच्या पाचव्या मणक्याखालचं काही कळत नाही असा.
डॉक्टर, अजून किती वर्षं?

विमा कंपनीच्या वकिलांना दहा हवी होती.
बाईंच्या वकिलांना तीस.
दर वर्षाचा भाव ठरलेला:
नळ्या, हातमोजे, औषधं, एका माणसाचा पगार.
मोंढ्यात सोयाबीनचा पुकारा चालावा
तसा आकडा वर-खाली होत राहिला,
आणि माल घरी होता,
पत्र्याकडे बघत.

मी तक्ते काढले. परदेशातले.
हजारो माणसं, चाळीस वर्षं मोजलेली,
कोण न्यूमोनियानं गेलं, कोण किडनीनं,
कोण पाठीच्या एका फोडानं.
म्हणालो, या तक्त्यातल्या लोकांकडे वीज जात नाही.
टंकलेखक थांबला. "वीज जात नाही, हे घ्यायचं का?"
न्यायाधीश म्हणाले, वगळा.

मग बाकीचं मी बोललोच नाही.
तपासायला गावी गेलो होतो ते.
त्याची हवेची गादी,
आणि तिची वायर
ज्या खांबावरून तो पडला त्याच खांबावरून आलेली.
लाईट गेली की गादी बसते,
शेळीनं पाय मुडपावेत तशी, हळूहळू,
आणि शिवगंगा उठते.
पोरीच्या दुरेघी वहीत तिनं रकाने आखलेत,
डावी, उजवी, पाठ.
रात्री दोनची नोंद. चारची नोंद.
सहाला पेन बदललेलं.
तीन वर्षांत एक फोड नाही.
माझ्या वॉर्डात, नर्स असून, पंधरवड्यात होतात.
ही वही कुठल्या तक्त्यात बसवू?

तेव्हाच लाईट गेली होती.
मन्मथ म्हणाला, "साहेब, डीओ उडला. आवाज आला ना?"
मला काहीच आलं नव्हतं ऐकू.
तो मान न हलवता सांगत राहिला
कुठल्या डीपीचा, कुठला फेज,
आणि कोण पोरगं आता चढेल, हातमोजे न घालता.

मी अठरा म्हणालो.
अठरा ते बावीस, योग्य शुश्रूषा मिळाल्यास.
"योग्य" खाली वकिलांनी रेघ मारली. दोघांनीही.
कागदावर शिक्का पडला, निशाणी एक्केचाळीस.

व्हरांड्यात शिवगंगा उभी होती,
खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी,
तीत एक्स-रे, गुंडाळी केलेले.
"किती सांगितलाव?"
अठरा.
तिनं बोटांची पेरं मोजली. पोर आठवीत आहे.
पुन्हा मोजली, मग विचारलं,
"झालेले तीन धरून, का सोडून?"

मला आठवेना.
तेवीस वर्षं मेंदू आणि मणके बघतोय,
शपथेवर बोलून आलो होतो नुकताच,
आणि आठवेना, मोजायला सुरुवात कुठून केली.
"सोडून," मी म्हणालो.
शपथ संपली होती.
बरं, म्हणाली. दोनची औशाची गाडी गाठायची होती,
शेजारीण चारपर्यंतच बसते त्याच्यापाशी.

रात्री आमच्याकडेही लाईट गेली.
पंखा थांबला तशी जाग आली, पावणेदोन.
डाव्या कुशीवर होतो. उजवीकडे वळलो.
नंतर झोप नाही.
गच्चीवर जाऊन औशाकडे पाहिलं.
तिकडे काही दिसत नव्हतं,
पण एवढ्या लांबून तसंही दिसत नाही.