बोटभर उतार

ऑफिसात तक्रारी लिहून घेणारी जिजी
सगळ्या दुखण्यांना एकच नाव देते : कूलिंग नाही.

मुहर्रकच्या त्या गल्लीत व्हॅन शिरत नाही.
शिडी खांद्यावर, गेज गळ्यात,
ऑगस्टची दुपार अशी दमट
की चष्मा पुसेपर्यंत पुन्हा आंधळा.
तिसरा मजला. एक खोली, सहा खाटा,
आणि सहाही जण छातीठोकपणे सांगतात :
गॅस गेला.

लोकांना वाटतं गॅस म्हणजे पगार,
महिनाअखेर संपणारच.
मी वाद घालत नाही.
कुठेतरी भोक पडल्याशिवाय गॅस जात नाही,
एवढंच मनातल्या मनात.

आधी जाळी काढली.
तिच्यावर शमालची धूळ, फोडणीचा चिकटा,
कुणाचे तरी केस.
नळाखाली धरली तेव्हा पहिलं पाणी चहासारखं,
दुसरं ताकासारखं,
तिसऱ्या पाण्यात मोरीची फरशी दिसली.

आत कॉइलवर बर्फ.
"बर्फ आहे, मग थंड का होत नाही?"
हे सगळ्यात धाकट्याने विचारलं,
नवा व्हिसा, नवी चप्पल, नाव मुबीन.
वारा कोंडला ना, की थंडी स्वतःलाच धरून बसते, म्हटलं.
आता नुसता पंखा चालू ठेव, तासभर.
सुरीने खरवडायला जाऊ नकोस.
बर्फ निघेल, नळीही फाटेल,
मग मात्र गॅस खरंच जाईल.

तासभर म्हणजे दोन चहा.
घरघर कशाची ते बघितलं : एक स्क्रू ढिला,
त्याच्या जागी कुणीतरी कोंबलेला सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा.
रिमोटमधले सेल उलटे.
त्यावर कुणीच काही बोललं नाही.

राहिलं गळणारं पाणी.
पाणसळ ठेवली, बुडबुडा पळाला गल्लीकडे,
म्हणजे पाणी खोलीकडे.
विंडो मशीन मागे बोटभर झुकलेलं हवं,
हे मी कितीदा सांगितलं असेल.
इथे तर मागच्या बाजूखाली पाचर,
आंब्याच्या खोक्याची फळी, नीट तासलेली,
दोऱ्याने बांधलेली.
"हे कुठल्या कारागिराचं?"

पाच जणांनी सहाव्याकडे बघितलं.
चौगुलेचाचा, दापोलीकडचे, शाळेच्या कँटीनचे आचारी.
त्यांनी पडदा बाजूला केला.

तुपाचा पत्र्याचा डबा.
डब्यात अळू.
तीन पानं उघडी, एक अजून सुरळीत.

कंद पावडरच्या डब्यातून आणला, म्हणाले,
याला मोरीचं पाणी लागतं.
इथल्या मोरीला परसू कुठला?
म्हणून म्हटलं, ह्याचं पाणी आत वळवू.
जरासंच हवं होतं. पण ते मुबीनच्या गादीवर जायला लागलं.

खाटेवरून मुबीन म्हणाला,
मी काही बोललो का चाचा?

पाचर काढली.
उतार दिला, बोटभर, मागे.
मागच्या भोकाला कोपर, कोपराला अर्धा इंची नळी,
चौकटीच्या फटीतून पुन्हा आत, डब्यापर्यंत.
मध्ये एक टी लावला, जास्तीचं गल्लीत जाईल.
सामानाच्या यादीत हे कुठे बसत नाही.
पैसेही धरले नाहीत.

मग मशीन लावलं. कॉम्प्रेसर हुंकारला,
एकदा अडला, मग लागला.
पहिला गार झोत आला तेव्हा
सहा माणसं शर्टांची बटणं सोडून
रांगेत उभी, डॉक्टरपुढे राहावीत तशी.
नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला,
लांबला,
पडेपर्यंत चाचा खाली बसून होते.

कार्डावर लिहिलं :
जाळी धुतली. उतार दुरुस्त. गॅस ठीक.
पुढची भेट कंत्राटाप्रमाणे तीन महिन्यांनी.
तिथे मी पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकली.

"तोवर फदफद्याइतकी पानं होतील?"
"होतील की."
"आणि चिंच? नाहीतर घसा खाजेल."
"सूकात मिळते," चाचा म्हणाले,
"हे लोक तिला हिंदी खजूर म्हणतात."