मिठाला जागणं

पहाटे चारला प्रयोगशाळेचं मागचं दार
माझे वडील लाथेनं उघडायचे.
हात रिकामे नसत.
दोघांनी मिळून उचललेला माकूळ,
माझ्याएवढा लांब, अजून जिवंत,
अंगभर लाली यायची, ओसरायची,
ओशाळल्यासारखी.

व्हालपाराइसोच्या दक्षिणेला, आमच्या बंदरात
त्याचे तुकडे पिठाच्या पारीत भरून तळतात.
आम्हाला हवा असे फक्त एक दोरा.

तुमच्याआमच्यात तो केसाहून बारीक.
याच्यात शेवईएवढा जाड,
कारण संकट दिसलं की सगळं अंग
एका झटक्यात आक्रसलं पाहिजे,
बातमी रेंगाळून चालत नाही.

ओयार्सून बाई पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या,
"वीज वगैरे विसर, नेलिदा.
हा मिठाचा हिशेब आहे."

आत एक क्षार, बाहेर दुसरा,
मध्ये एवढीशी भिंत, भिंतीत दारं.
एक उघडलं की बाहेरचा समुद्र आत घुसतो,
त्या धक्क्यानं पुढचं उघडतं, मग त्याच्या पुढचं,
मागचं तोवर घट्ट बंद.
बातमी म्हणून परत फिरत नाही.
ती लहान नसते, मोठी नसते.
असते किंवा नसते.
मुंगी चावली काय, हात भाजला काय,
ठोका तोच, फक्त किती वेळा, एवढाच फरक.
आणि मग कुणीतरी, न थकता,
आत शिरलेलं मीठ उपसत बसतं
होडीतलं पाणी उपसावं तसं.
आपल्या ताटातलं बरंचसं
त्या उपसण्यावरच खर्च होतं म्हणे.

माकूळ केव्हाच मेलेला असायचा.
बशीतल्या थंड समुद्रात
त्याचा दोरा मात्र दुपारपर्यंत
प्रत्येक टिचकीला उत्तर द्यायचा.
कुणाचाही नसताना.
खाल्ल्या मिठाला जागणं
याहून वेगळं काय असतं?

वडिलांना साखर निघाली.
रोसामेल वेरगारा दवाखान्यात मोठ्यानं हसले:
"जन्म मिठात गेला, आणि मरण गोड?"

ऑगस्टच्या थंडीत एकदा
माकूळ टेबलावर ठेवून ते निघाले
आणि धुतलेल्या फरशीवर
एकाच पायाचे लाल ठसे, दारापर्यंत.
टाचेत गळ.
झिजलेल्या बुटाच्या तळातून आरपार.
"कधी रुतला?"
ते नुसते बघत राहिले,
मी दुसऱ्याच कुणाचा पाय विचारतेय असे.

पाठीच्या कण्यापासून अंगठ्यापर्यंत
एकच पेशी, दोन-अडीच हात लांब.
तिची रसद वरून निघते,
त्यातलं काही सामान पोचायला
वर्ष लागतं, दोन लागतात.
वाट बिघडली की आधी शेवटचं गाव उपाशी.
बोटं. मग तळवा.
मग मोजा चढवावा तसं वर, आणखी वर.

हे मला पाठ होतं.
परीक्षेला आलं असतं तर आकृतीसकट लिहिलं असतं.
मेलेल्या जनावराचे निरोप मी रोज
पडद्यावरच्या हिरव्या रेघेत वाचत होते,
आणि घरी, जेवणाच्या टेबलाखाली
दोन पाय गप्प होत गेले,
मला पत्ता नाही.

आता संध्याकाळी घमेल्यात कोमट पाणी.
मी बाही सारते,
आधी माझं कोपर बुडवते.
"चालेल," म्हणते.
मग ते पाय सोडतात.
"मीठ टाकलंस ना?"
"टाकलं."
डॉक्टरांनी नको म्हटलंय, मी टाकलेलं नसतं.

खालून काही कळत नाही त्यांना,
पण वरून हुकूम अजून जातो.
डोळे मिटून, कपाळाला आठी घालून,
दूरच्या कुणाला हाक मारावी
तसे ते अंगठ्याला हाक मारतात.

"हलला का?"

मी वाकून बघते.
पाण्यावर एक बारीकशी लाट
घमेल्याच्या काठापर्यंत येऊन फुटते.

"हलला."