न उकळायचा चहा

बस, कॅलम. बूट राहू देत पायांत.
दाखव ते पान.
हं. तांबेराच आहे.
बोट फिरवून बघ, नारिंगी भुकटी लागते,
जुन्या पिंपाच्या कडीला हात लावल्यासारखी.

आधीच सांगते, पडलेला डाग पुसला जात नाही.
हे पान गेलंच. खुडून शेगडीत घाल,
खताच्या ढिगावर नको.
आपण करतोय ते पुढच्या पानासाठी.

पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं.
नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जाऊ दे,
ते जंतू मारतं, आणि आपल्याला तर जंतूच हवेत.
कंपोस्ट दोन वर्षं मुरलेलं.
बीचच्या झाडाखाली पाचोळा उकरल्यावर येतो
तसा वास यायला हवा.
आंबूस आला तर माझ्या दारात आणूही नकोस.
बांधायला माझा जुना नायलॉनचा मोजा.
हस. क्लिफर्डही हसायचा.
काकवी चमचाभर. चमचाभरच,
फार गोड केलं की नको ते पाहुणे येतात.

उकळायचं नाही. चहा म्हणतात, एवढंच.
आणि हा पंप, माशांच्या टाकीचा.
मासे आमच्याकडे कधीच नव्हते.

बुडबुडे दिवसरात्र चालू हवेत.
थांबले की आतली सगळी वस्ती गुदमरते,
सकाळी झाकण काढताच नाकाला कळतं.

त्याच्या उशाशी एक बाटली असायची.
यंत्रातली हवा तिच्या पाण्यातून जायची
आणि मग नळीतून त्याच्या नाकात.
एकतीस वर्षं कोळशाच्या खाली होता.
छातीत काय साठलंय ते डॉक्टरांनी फोटोत दाखवलं.
पांढरं होतं.
मला वाटलेलं, काळं असेल.
चार हिवाळे ती बाटली रात्रभर बोलत राहिली.
मग मार्चात दोघं जण आले, यंत्र घेऊन गेले,
माझी सही घेतली.
त्या रात्री भिंतीवरचं घड्याळ
मला काढून ठेवावं लागलं.

म्हणून बादली स्वयंपाकघरात. शेडमध्ये नाही.
लीकसाठी, असं सांगते सगळ्यांना.
लीकसाठीही आहेच.

गुण येतो का म्हणतोस?
गेल्या साली आला. त्याआधीच्या साली नाही.
क्लबातला नॉर्मन हेस्लॉप म्हणतो, निव्वळ गढूळ पाणी.
पण सप्टेंबरच्या प्रदर्शनाआधी
रिकामी बाटली घेऊन मागच्या दारी येतो तोच.

संध्याकाळी फवार, ऊन उतरल्यावर.
पानाच्या पाठीवरही. पाठ विसरतात सगळे.
पंप काढलास की चार तासांत संपव,
आणि बादली लगेच घासून...

नाही, आज नको नेऊस.
उद्या सकाळी ये.
अजून एक रात्र लागेल याला.