नळीमागच्या रेघा

कतीफच्या आरोग्य केंद्रात माझं टेबल खिडकीशी.
बाहेर खजुराची बाग, मग रस्ता, मग समुद्र.
तो इथून दिसत नाही,
कोळंबीच्या होड्या आल्या की नुसता वास येतो.

लग्न ठरलं की इथे आधी रक्त द्यावं लागतं.
जोडपी येतात, बाही वर सारतात.
मी थेंबभर रक्त द्रावणात सोडते
आणि नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरते.
रेघा वाचता आल्या, तर मोकळं.
नळी गढूळली, रेघा बुडाल्या,
तर त्या रक्तात विळा आहे.

मासूमाच्या नळीत बुडाल्या.
अब्दुल जलीलच्याही.
"पण आम्ही धडधाकट आहोत," ती म्हणाली.
"तो रोज पोहतो. मला साधा ताप नाही आला कधी."

माझे आईबापही धडधाकट होते.
धानाच्या बांधीत दिवसभर वाकून
संध्याकाळी सरळ उभे राहायचे.

पवनीच्या शाळेत ढोमणे सरांनी वाटाणे आणले होते.
पिवळा दाणा बोलका, म्हणाले, हिरवा मुका.
दोघं एका घरात असले की पिवळ्याचंच ऐकू येतं.
"मग हिरवा जाते कुठं, सर?"
"जात नाही कुठं.
दोन घरचे मुके भेटले
की तिसऱ्याच्या तोंडून बोलतो."
आणि फळ्यावर चार घरांची चौकट काढली.
तीन घरं पिवळी,
एका कोपऱ्यात हिरवा खडू.

त्या कोपऱ्यात माझा भाऊ राहत होता.
सुगत.
थंडी पडली की त्याची हाडं ठणकायची,
डोळे हळदीसारखे व्हायचे.
सगळे वात म्हणायचे.
आई विटेचा शेक द्यायची, रात्रभर, वीट बदलून बदलून.
तो सहावीत गेला. सातवीत गेला नाही.

आईला वाटे, एकदा झालं, आता पुन्हा नाही.
पण चौकटीला आठवण नसते.
दर पोरासाठी ती नव्याने आखली जाते,
तोच खडू, तीच चार घरं.
माझ्या वेळी मी मधल्या घरात पडले:
एक बोलका, एक मुका.

आमच्या डॉक्टर, उम्म हैदर, सांगतात,
हा विळा आणि तुमच्याकडचा, घडण एकच.
कुणी कुठून कुठे नेला, कोण जाणे.
इथे खजुराखाली पाणी तुंबायचं, तिथे बांधीत,
दोन्हीकडे डास.
ज्याच्याकडे एकच विळा, त्याला हिवताप सहसा नेत नसे.
म्हणजे पणजा वाचला तो यानेच.
सुगत गेला तोही.
याला शिवी द्यावी की हात जोडावे
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नागपूरचं एक स्थळ आहे.
मी मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट मागितला.
त्याची आत्या फोनवर हसली, मग हसायची थांबली.
"आपल्यात पत्रिका पाहत नाहीत, बाई.
अन् तू रक्त पाहतेस?"
पंधरा दिवस झाले. तिकडून काही नाही.

मासूमा काल परत आली, एकटीच.
कायदा अडवत नाही, तिला ठाऊक होतं.
म्हणाली, मला ती नळी बघायची आहे.
जुनी फेकली होती. मी तिचं रक्त पुन्हा घेतलं.
मग, का कोण जाणे, माझंही.
दोन नळ्या शेजारी ठेवल्या,
मागे कार्ड धरलं.
दोन्हींत एकही रेघ दिसेना.

"यातली माझी कुठली?"
चिठ्ठ्या लावायच्या मी विसरले होते.
तिने कार्डामागून बोट फिरवलं,
जणू रेघा बोटाला लागतील.
बाहेर झाडावर चढलेला माणूस
विळ्याने सुकलेल्या झावळ्या उतरवत होता,
एकेक, खाली कोणी नाही ना बघून.