हात खाली

थंडर बेमधल्या त्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
आठवड्याचे तीस तास बसायचे मी.
लीनस चार वर्षांचा.
खिडकीबाहेर बंदरावरची धान्याची कोठारं, गोठलेलं सरोवर,
आणि माझ्या मांडीवर तक्ता:
जमलं की अधिक, नाही जमलं की वजा.

"माझ्याकडे बघ." बघितलं, की एक सुकी ब्लूबेरी.
"हात खाली." खाली, की एक सुकी ब्लूबेरी.

हात उडायचे त्याचे.
मालगाडी दिसली की, केटली शिट्टी घालू लागली की,
कधी कशानेच नाही, नुसते.
मी ते मोजले. पहिल्या सोमवारी एकशे बारा.
मार्चअखेर चार.
ऑफिसात डेल्फीनने केक कापला.
मीही खाल्ला. लिंबाचा होता.

त्याची आई, आयली, तेव्हा म्हणाली होती,
"रुळांकडे धावत सुटायचा. आता 'थांब' म्हटलं की थांबतो.
बाकीचं मला सांगू नका."
खरं आहे. ते मीच शिकवलं,
अंगणात, रस्त्याच्या कडेला, गुडघाभर बर्फात,
शेकडो वेळा.
त्या एका शब्दाची लाज मला अजून वाटलेली नाही.

परवा ग्रंथालयात सभा झाली.
एका बाजूला आईबाप, एका बाजूला
मोठी झालेली मुलं, टाळ्या न वाजवता
हात हवेत हलवणारी.
मी मागच्या रांगेत, अंगातला कोट न काढता.

लीनस उठला. तेवीस वर्षांचा, विरळ दाढी, कानांवर हेडफोन.
टॅबलेटवर त्याने लिहिलं, यंत्राने वाचलं, एकाच सुरात:
"मला ब्लूबेरी आवडायच्या नाहीत.
त्या संपल्या की बाई घरी जातात,
एवढं मला कळलं होतं."

आयली जागेवरूनच म्हणाली, "पण जिवंत आहेस ना तू!"

त्याची बोटं चालत राहिली. कुणीतरी खोकलं.
"हो," यंत्र म्हणालं, "तेच लिहीत होतो.
तू थांबली नाहीस."

थोडे हसले. आयली हसली नाही. मग हसली.

नंतर दाराशी आम्ही दोघं, बूट चढवत.
बंदराकडून मालगाडी निघाली, लांबलचक,
आणि त्याचे हात वर आले, छातीपर्यंत, खांद्यांपर्यंत.
मग त्याने मला पाहिलं.
हात खाली.

मी काहीच बोलले नव्हते.
माझा हात मात्र सवयीने
कोटाच्या खिशात गेला होता.