रुवैस, रात्रपाळी

अडीच वाजता चिलर रूममध्ये
मोबाइल पाइपाला टेकवून आम्ही यान बघतोय.
तिघं चंद्राकडे निघालेत
आणि संडासाचा पंखा अडकलाय.

गुलजमान हसून हसून खोकतो.
मी नाही हसत.
पंखा अडकणं म्हणजे काय, मला विचारा,
अकरा वर्षं तेच करतोय.

पृथ्वीवरून एक बाई शांतपणे सांगते :
स्विच बंद करा, दहा मोजा, चालू करा.
अरे, हेच तर मी
सी ब्लॉकच्या मॅडमना सांगतो!

नऊ... दहा.
आवाज नाही.
परत.

बाहेर या वेळीही अडतीस डिग्री,
समुद्राची वाफ काचेवर,
चंद्र कुठे दिसतच नाही.

मग घरघर.
गुलजमान टाळी देतो.
मी सवयीनं वहीत लिहितो :
२.५१, काम झालं.
सही कुणाची घ्यायची?