सहावी सुई

तिसऱ्या पाकळीपाशी दोरा तुटतो.
दुसऱ्या नाही, चौथ्या नाही.
सहाव्या सुईचा जांभळा
वळणावर येतो, टक् असा आवाज,
यंत्र थांबतं, लाल दिवा लागतो
आणि पडद्यावर तेच वाक्य,
जे वाचून वाचून मी निम्मं स्पॅनिश शिकले:
वरचा दोरा तपासा.

तपासते.
सिनाकान्तानला पहाटे गारठा असा
की दोरा नेढ्यात घालण्याआधी
बोटं काखेत घालावी लागतात.
सुई बदलली. जुनीचं नेढं
नखावर घासून पाहिलं, खरखर नाही.
ताणाच्या चकत्यांमधून चिंधी ओढली,
निघाली नुसती लव, सात रंगांचा कोंडा,
वर्षभराच्या लग्नांचा मिळून चिमूटभर.
बॉबिनच्या डबीत फुंकर मारली,
तिच्याच दोऱ्याला टांगून हलका झटका दिला:
बोटभर उतरली, थांबली. म्हणजे ती निर्दोष.
तेलाचा एक थेंब.
एकच. दुसरा पडला तर शाल गेली.
पुन्हा सुरू.
पहिली पाकळी. दुसरी.
टक्.

तुस्तलाचा मेकॅनिक
दोन हजार पेसो सांगतो आणि मंगळवार सांगतो.
सान लोरेन्सोचा उत्सव शनिवारी.
मंगळवारी शाल कोणाला हवी?
शुंकाची आहे ही, थोरलीच्या मुलीची.
यंदा जांभळ्यावर जांभळं, असं
कुणी ठरवलं कोण जाणे, मागल्या साली हिरवं होतं.
मागल्या सालची शाल घालून गेलीस
तर कुणी काही बोलणार नाही.
बघतील फक्त.

आई जमिनीवर बसते,
मागाचं एक टोक खांबाला, एक स्वतःच्या कमरेला.
तिचा धागा तुटला तर तिला कमरेत कळतं,
मला दिव्यात.
ती म्हणाली, सुईकडे काय टक लावतेस,
सुई फक्त ओरडणारी.
मारणारा मागे कुठंतरी असेल.

उठली. गुडघा धरत यंत्रामागे गेली,
जिथे मी महिनोन्महिने जात नाही,
रिळांच्या दांड्यांपाशी. म्हणाली, लाव.
पहिली पाकळी.
रेयॉन निसरडा. मोठ्या शंकूवरून
सैल वेटोळी घसरत होती,
बुडाशी साचत होती ओढ्याच्या फेसासारखी,
आणि तिसऱ्या पाकळीला, लांब टाक्यांपाशी,
यंत्र धाव घेतं तिथे,
एक वेटोळं शंकूखाली अडकायचं.
घोडं पेंड खात होतं इथं,
सुईपासून दोन हात मागे,
अगदी नजरेच्या उंचीवर.

भाऊ मार्यान हरितगृहात
गुलाबाच्या कळ्यांना जाळीचे मोजे चढवतो,
फूल बाजाराआधी उमलू नये म्हणून.
आईच्या झोळीत तसले तीन निघाले.
ती काहीच टाकून देत नाही.
एक ताणला, शंकूच्या डोक्यावरून खाली ओढला,
लहानपणी माझ्या कानांवरून टोपी ओढायची तसा,
गरजेपेक्षा जरा जोरात.

दोरा जाळीतून निघू लागला
एकेक पदर, रांगेत उभ्या असल्यासारखा.
जाळीनं थोडी ओढ वाढवलेली,
म्हणून चकत्यांचा आटा मी अर्धा सैल केला.
आई काही बोलली नाही,
म्हणजे बरोबर केलं असणार.
तिसरी पाकळी.
मी श्वास धरलेला,
मीही जणू कुठल्यातरी रिळावर.
चौथी.
पाचवीपर्यंत आई मागाकडे परतलीही होती,
पट्टा कमरेला, पाय पसरलेले.

फुलाच्या पोटातला पिवळा ठिपका
सातव्या सुईचा.
टक्.

आईनं वर पाहिलं नाही.
मी सुईला हात लावला नाही.
झोळीतून एक जाळी घेतली
आणि आधी मागे गेले.